आधी विचारा, गुडघा की मनगट?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला स्की आणि स्नोबोर्डची तुलना करणारा लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण ‘स्नोबोर्ड तरुणांचा, स्की प्रौढांची’ हा निवाडा काही पटला नाही. मी बारा वर्षं स्कीइंग केलं आणि पंचेचाळिशीत, घरच्यांचं न ऐकता, स्नोबोर्डवर उभा राहिलो. उभा कसला, पहिले दोन दिवस बर्फात बसूनच होतो.

स्कीवर तोंड समोर असतं, पाय दोन वेगळ्या स्कींवर सुटे आणि हातात काठ्या. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणून शेपट्या फाकवल्या की वेग मंदावतो, एवढं पहिल्याच दुपारी जमतं. खरी अडचण पुढे येते. त्या फाकवलेल्या स्की समांतर ठेवून कडक, निसरड्या उतारावर नीट वळायला मला चार हिवाळे लागले आणि आजही मी उंचवट्यांच्या उतारावर देवाचं नाव घेतो. स्नोबोर्डचं उलटं. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, अंग आडवं, तोल गेला तर सावरायला पाऊल टाकण्याची सोय नाही. सुरुवातीला नुसती आपटाआपटी. पण बोर्डच्या टाचेकडच्या कडेवरून चवड्याकडच्या कडेवर जाणं एकदा अंगात मुरलं की माणूस भराभर पुढे जातो. माझ्या बाबतीत हे चौथ्या दिवशी घडलं. त्या संध्याकाळी मी उतारावर वर नेणारी शेवटची लिफ्ट बंद होईपर्यंत खाली आलो नाही.

तिसऱ्या दिवसाबद्दल मात्र सांगायला हवं. उतार इतका सौम्य होता की पाच-सहा वर्षांची पोरं शेजारून स्कीवर गाणी म्हणत जात होती. मी उताराकडे तोंड करून टाचेच्या कडेवर हळूहळू घसरत होतो. पायाखाली खर्रर्र असा आवाज येत होता, म्हणजे सगळं ठीक होतं. मग तो आवाज थांबला. क्षणभर बोर्ड सपाट झाला, चवड्याकडची कड बर्फात रुतली आणि कोणीतरी पायाखालची सतरंजी ओढावी तसा मी दोन्ही हातांवर पुढे आदळलो. वेग चालण्याइतकाही नव्हता. तरी उजवं मनगट तीन आठवडे पट्टीत होतं.

माझ्या मते निवड करताना वयाआधी, पडल्यावर मार कुठे बसेल याचा विचार करावा. स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारी पकड, ठरावीक जोर पडला की सुटतं. माणसाचं वजन, उंची, वय आणि कौशल्य पाहून ते बसवलेलं असतं. पण प्रत्येक वेळी ते वेळेवर सुटतंच असं नाही आणि मग पायाला बांधलेली लांब स्की तरफेसारखी गुडघा पिरगाळते. स्कीइंगमध्ये गुडघ्याचे लिगामेंट दुखावण्याचं प्रमाण मोठं आहे ते यामुळेच. काठी मुठीत धरून पडलं की अंगठ्याचा सांधाही जातो. स्नोबोर्डचं बाइंडिंग सुटतच नाही. मात्र दोन्ही पाय एकाच फळीवर असल्याने गुडघ्याला तसा पीळ सहसा बसत नाही. सगळा मार मनगटं आणि खांदे खातात. तेव्हा पन्नाशीच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला केवळ वयाकडे बघून ‘तुम्ही आपली स्कीच घ्या’ असं सांगणं धाडसाचं आहे. त्याने आधी डॉक्टरांना विचारावं.

सोबत कोण आहे हेही पाहावं. सपाट जागा आली की स्कीवाला काठ्या मारत निघून जातो. बोर्डवाला मागचा पाय सोडवून लहान मुलांच्या स्कूटरसारखा ढकलत राहतो. ओढून नेणाऱ्या लिफ्टवर तर आडव्या अंगाने जाणं म्हणजे शिक्षाच. माझे स्कीवाले मित्र पहिल्या दिवशी माझ्यासाठी थांबले. दुसऱ्या दिवशी थांबले नाहीत.

बूट कोणते सोयीचे? स्नोबोर्डचे. वादच नाही.

दोन्ही गटांतल्या कुरबुरीचा लेखात ओझरता उल्लेख होता. शर्मन पॉपेन या गृहस्थाने 1965 मध्ये मिशिगनमध्ये मुलींच्या खेळासाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, तिथून आजच्या स्नोबोर्डची वाट सुरू झाली. सुरुवातीच्या काळात बहुतेक ठिकाणी बोर्डवाल्यांना लिफ्टवर घेत नसत. अमेरिकेत यूटातल्या आल्टा आणि डिअर व्हॅली इथे व व्हरमाँटच्या मॅड रिव्हर ग्लेन इथे अजूनही बंदी आहे. ऑलिंपिकचं दार उघडलं ते 1998 मध्ये, जपानमधल्या नागानोला. गंमत अशी की नव्वदच्या दशकात स्की कमरेत बारीक आणि टोकांना रुंद झाल्या, त्यामुळे वळणं सोपी झाली. स्नोबोर्डची कमर आधीपासून तशीच होती! आणि ‘कोणतं तरी एकच निवडा’ म्हणणाऱ्यांनी चेक खेळाडू एस्टर लेडेत्स्का आठवावी. 2018 च्या ऑलिंपिकमध्ये तिने सुपर-जी या स्कीवरून वेगाने उतरण्याच्या शर्यतीत 0.01 सेकंदाने सुवर्ण मिळवलं आणि आठवड्याभरात स्नोबोर्डवर दुसरं.

एक तक्रार मात्र मी आता बोर्डवाला असूनही करतो. उंचवट्याच्या पलीकडे, वरून दिसणार नाही अशा जागी फतकल मारून बाइंडिंग बांधत बसणारे आमचेच लोक असतात. अरुंद किंवा आडोशाच्या जागी थांबू नये हा आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाचा नियम दोघांनाही लागू आहे. स्कीवाल्यांनीही लक्षात घ्यावं की वळताना बोर्डवाल्याची एक बाजू पाठीमागे जाते, तिथून येणारा त्याला दिसत नाही. पुढे असलेल्याला वाट द्यायची जबाबदारी मागून येणाऱ्याची आहे.

लेखासोबतच्या साहित्याच्या चौकटीत हेल्मेट, गॉगल, हातमोजे सगळं होतं. मनगटाला बांधायचे गार्ड नव्हते. पुढच्या अंकात एका ओळीत तेवढी भर घालावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक