प्रोफे, तुमचे आभार मराठीतून

प्रिय प्रोफे,

वर्गातले सगळे तुम्हाला 'प्रोफे' म्हणतात, म्हणजे स्पॅनिशमध्ये शिक्षिकेला लाडाने मारलेली हाक, म्हणून मीही तेच लिहिलं. मनातल्या मनात मात्र मी तुम्हाला पहिल्यापासून 'बाई'च म्हणत आले आहे. स्पॅनिशमध्ये तुम्ही मला आदरार्थी बोलू दिलं नाहीत, हट्टाने एकेरीवर आणलंत. मराठीत तो हट्ट चालणार नाही.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. तुमच्या निवृत्तीच्या जेवणात मी स्पॅनिशमधून आभार मानले, तेही चार वाक्यांत, कारण पाचव्या वाक्याला आवाज दगा देईल असं वाटलं. उरलेलं इथे मराठीत लिहितेय. माझ्यासारखी कितीतरी मराठी माणसं आज परदेशात बसून परक्यांना इंग्रजी शिकवताहेत, आणि तिकडे पुण्या-मुंबईत कितीतरी जण स्पॅनिश शिकताहेत. तुमच्याकडून मला जे मिळालं ते त्यांच्याही उपयोगाचं आहे.

या वाचकांसाठी थोडी ओळख करून देते. मी सांगलीकडची, मराठी माध्यमातून शिकलेली, नंतर इंग्रजीत एम. ए. लग्नानंतर स्पेनमधल्या वायादोलिदला आले आणि एका खासगी क्लासमध्ये संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवू लागले. प्रोफे तिथल्याच माझ्या सहकारी. माझ्याकडे आला तो सी-वन पातळीचा गट, म्हणजे बोलता-लिहिता चांगलं येणाऱ्यांचा. गाड्यांच्या कारखान्यातला अभियंता, कोलंबियाहून आलेली नर्स, दोन वकील, एक निवृत्त रेल्वे कर्मचारी. त्यांना व्याकरण नको होतं. त्यांना वाचलेल्या पुस्तकांवर इंग्रजीत बोलायचं होतं, आणि नेमकं तिथेच सगळं अडायचं.

अडायचं म्हणजे काय, तर ही माणसं साहित्यात कच्ची नव्हती. इथल्या शाळेत कथेचे तीन भाग पाठ करून घेतात: मांडणी, गाठ आणि उकल. यमकाचे प्रकार, वृत्तांची नावं, निवेदकाचे प्रकार, सगळं त्यांच्या जिभेवर. पण इंग्रजीत तोंड उघडलं की हीच शहाणी माणसं शाळकरी वाटायला लागत. अभियंत्याने लिहिलं, 'द आर्ग्युमेंट ऑफ द नॉव्हेल इज व्हेरी गुड.' त्याला म्हणायचं होतं कथानक. स्पॅनिशमध्ये कथानकाला 'आर्गुमेन्तो' म्हणतात, इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र वाटणार की कादंबरीत कुणीतरी जोरदार वाद घालतंय.

तो निबंध घेऊन मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, हा मुलगा चुकलेला नाही, त्याला फक्त साडेतीनशे वर्षं उशीर झालाय. मग कपाटातून इंग्रजी कवी मिल्टन काढलात. त्याचं महाकाव्य 'पॅराडाइज लॉस्ट' 1667 साली छापलं गेलं. पुढच्याच वर्षी वाचकांच्या सोयीसाठी प्रत्येक सर्गाचा गद्य सारांश त्याला जोडला गेला, आणि त्या सारांशाचं शीर्षक होतं 'द आर्ग्युमेंट'. म्हणजे इंग्रजीतही तो अर्थ होता, तो नंतर मागे पडला आणि स्पॅनिशने जपून ठेवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते पान त्या अभियंत्याला दाखवलंत. तो 'प्लॉट' हा शब्द त्यानंतर कधी विसरला नाही, आणि त्याची मान खालीही गेली नाही. शिकवण्याची ही तऱ्हा मी त्याआधी कुठे पाहिली नव्हती. चूक दाखवण्याआधी ती आली कुठून याचा तुम्ही शोध घेता, आणि बहुतेक वेळा तो शोध त्या माणसाला मोठं करून सोडतो.

'नॉव्हेला'चं तसंच. स्पॅनिश 'नोवेला' म्हणजे कादंबरी, इंग्रजी 'नॉव्हेला' म्हणजे दीर्घकथेच्या जवळ जाणारी छोटी कादंबरी. त्यामुळे आमच्या वर्गात सर्व्हान्तेसची 'दॉन किहोते' ही कादंबरी एकदा नॉव्हेला ठरली होती. दोन भाग, 1605 आणि 1615, उशाला घेऊन झोपता येईल एवढी जाड. सगळे हसले, तेव्हा तुम्ही विचारलंत, सर्व्हान्तेसने 1613 साली ज्या बारा 'नोवेला' काढल्या त्या केवढ्या होत्या? त्या छोट्याच होत्या. त्याच्या काळात हा शब्द इटालियन वळणाने छोट्या कथेलाच लावत. स्पॅनिशमध्ये तो पुढे फुगला. ज्या गावात सर्व्हान्तेस स्वतः राहिला, ज्याचं घर आजही संग्रहालय म्हणून उभं आहे, त्या गावात बसून हे ऐकण्यात एक वेगळी गंमत होती.

तुम्ही मला दोन वह्या करायला लावल्यात. पहिलीत दिसायला सारखे पण अर्थाने दुरावलेले शब्द. 'लेक्तुरा' म्हणजे वाचन, इंग्रजी 'लेक्चर' नव्हे. त्यामुळे नेमलेल्या पुस्तकांना 'ऑब्लिगेटरी लेक्चर्स' म्हणायचं नाही. 'इस्तोरिया' या एकाच शब्दात गोष्ट आणि इतिहास दोन्ही मावतात, म्हणून प्रेमकथेला 'अ ब्यूटिफुल हिस्टरी' म्हटलं जातं. 'क्रितिका' म्हणजे वर्तमानपत्रात येणारं परीक्षणही, तिथे इंग्रजीत 'रिव्ह्यू' हवा, 'क्रिटिक' नको, कारण क्रिटिक हा माणूस असतो. 'त्राता दे' वरून 'इट ट्रीट्स अबाउट' येतं, तिथे 'डील्स विथ' किंवा साधं 'इज अबाउट'. कथा अमुक गावात घडते हे सांगताना स्पॅनिश माणूस वातावरणाचं क्रियापद वापरतो, इंग्रजी 'इज सेट इन' म्हणून मोकळा होतो.

याच वहीतल्या एका शब्दाने वर्गात दंगा झाला होता. कोलंबियाची नर्स म्हणाली, या कादंबरीत पुष्कळ 'सुस्पेन्सो' आहे. लॅटिन अमेरिकेत उत्कंठेला तसंच म्हणतात. स्पेनमध्ये 'सुस्पेन्सो' म्हणजे परीक्षेत नापास. वकिलाने विचारलं, बिचाऱ्या कादंबरीला पुन्हा परीक्षेला बसू देणार की नाही? त्या दिवशी इंग्रजी 'सस्पेन्स' दोन्ही बाजूंना आयता मिळाला.

दुसरी वही अवघड होती. तिच्यात ज्यांना स्पॅनिशमध्ये भाऊबंदच नाहीत असे शब्द: ब्लीक, स्टार्क, राय, ईरी, ग्रिपिंग, फार-फेच्ड. स्पॅनिश माणसाच्या हाताशी लॅटिन शब्दांचं भांडार आयतं असतं, त्यामुळे पुस्तक आवडलं की तो 'सब्लाइम', 'प्रोफाउंड', 'मॅग्निफिसंट' असे जड शब्द सोडत जातो. शेजाऱ्याला 'जेवलात का' विचारायच्या जागी 'भोजन ग्रहण केलेत का' म्हणावं, तसं ते इंग्रजी कानाला लागतं. हे शब्द चुकीचे नाहीत, फक्त त्यांच्याने पुस्तकाचा रंग सांगता येत नाही. उजाड, आशा न ठेवणारं वातावरण सांगायला 'सॅड' पुरत नाही आणि 'प्रोफाउंड' भलतीकडे जातं. तिथे 'ब्लीक'च लागतो.

हे शब्द तुम्ही यादी देऊन शिकवले नाहीत. तुमचा नियम एकच: विशेषण वापरलंस तर ओळ दाखव. 'ब्लीक' म्हणालास ना, कुठल्या ओळीत? ओळ नसेल तर शब्द परत घ्यायचा. पहिले काही तास वर्ग वैतागला. नंतर मात्र लोक स्वतःच पानावर बोट ठेवून येऊ लागले. 'राय' म्हणजे ओठांच्या कोपऱ्यातून येणारा, स्वतःलाही न सोडणारा विनोद, हे निवृत्त रेल्वेवाल्या काकांनी एका परिच्छेदावरून असं समजावलं की मला बोलायला काही उरलं नाही.

शब्द एकटा शिकवायचा नाही, हेही तुमचंच. 'प्लॉट' आला की त्याचं गोत सोबत यायला हवं: सबप्लॉट, प्लॉट ट्विस्ट, कथानक 'थिकन' होणं, शेवटी लोंबकळत राहिलेले 'लूज एंड्स'. हे मी आता सगळ्याच वर्गांत करते, साहित्याचा संबंध नसला तरी.

पण ज्या तासासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे तो कवितेचा. एका विद्यार्थिनीने सांगितलं की स्पॅनिश कवी लोर्काने पुष्कळ 'रोमान्सेस' लिहिले, आणि तिला प्रेमकथा म्हणायचंच नव्हतं. स्पॅनिश 'रोमान्थे' हा आठ अक्षरांच्या ओळींचा जुना कथाकाव्याचा प्रकार, इंग्रजीत त्याच्या सर्वांत जवळचा शब्द 'बॅलड'. लोर्काचा 1928 सालचा 'रोमान्थेरो हितानो' इंग्रजीत 'जिप्सी बॅलड्स' झाला तो म्हणूनच. मग तुम्ही फळ्यावर 'रामास' आणि 'मोंतान्या' लिहिलंत. स्पॅनिश कानाला हे यमक आहे, कारण आघातापासून, म्हणजे जोर पडतो त्या अक्षरापासून, पुढचे स्वर जुळतात; व्यंजनं काहीही असोत. इंग्रजी कानाला हे यमक नाहीच, तिथे त्याला 'असोनन्स' म्हणायचं. त्यामुळे 'धिस पोएम राइम्स' म्हणण्याआधी कुठल्या भाषेच्या कानाने ऐकतोय हे ठरवावं लागतं.

पुढे ओळ मोजायची वेळ आली. 'एल बार्को सोब्रे ला मार' (समुद्रावर जहाज), लोर्काचीच ओळ. बोटांवर मोजली तर सात अक्षरं, पण शेवटच्या अक्षरावर आघात असला की स्पॅनिश छंदशास्त्र एक वाढवून धरतं, म्हणून आठ. इंग्रजीत मोजायचे ते आघात, आणि तिथे विद्यार्थी हमखास अडखळायचे. तुम्ही सहज विचारलंत, तुमच्या भाषेत काय मोजतात? मी म्हटलं, वृत्तात लघुगुरू, पण अभंगात अक्षरं. आणि 'सुंदर ते ध्यान' म्हणून दाखवलं. 'सुंदर ते ध्यान' सहा, 'उभे विटेवरी' सहा, 'कर कटावरी' सहा, 'ठेवोनिया' चार. सगळा वर्ग बोटं मोजत होता. कास्तिल प्रांतातल्या त्या खोलीत तुकोबांची ओळ सहा-सहा-सहा-चार अशी फळ्यावर चढली, आणि अक्षरं मोजणाऱ्या दोन भाषा एका बाजूला, आघात मोजणारी इंग्रजी दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी आपोआप झाली. 'मीटर', 'स्ट्रेस', 'लाइन', 'स्टॅन्झा' हे शब्द त्या दिवशी सर्वांना कळले. 'व्हर्स'चा घोळही तेव्हाच मिटला: स्पॅनिश 'बेर्सो' म्हणजे एक ओळ, इंग्रजी 'व्हर्स' कधी पद्य, कधी गाण्याचं कडवं.

त्याआधी मी वर्गात मराठीचं नाव काढत नसे. गटातल्या काहींनी 'खरी इंग्रजी बोलणारी' शिक्षिका मागितली होती, हे माझ्या कानावर आलं होतं. तुम्ही कार्यालयात काय बोललात ते मला दुसऱ्याकडून कळलं: ही बाई इंग्रजी शिकून आलेली आहे, इंग्रजीत जन्मलेली नाही, म्हणून कुठे ठेच लागते ते तिला ठाऊक आहे. तुम्ही हे मला कधीच सांगितलं नाहीत. आज त्याचेही आभार मानते.

एक तक्रार आहे. इंग्रजीने तुमच्या स्पॅनिशकडून काय घेतलं हे सांगताना तुमची छाती जरा जास्तच फुगते. 'क्विक्झॉटिक' मान्य, म्हणजे दॉन किहोतेसारखं स्वप्नाळू; 'पिकारेस्क' मान्य, म्हणजे भटक्या लबाडाच्या आयुष्याची कादंबरी. त्याच जातीच्या 'लासारियो' या कादंबरीची 1554 सालची एक आवृत्ती आपल्या शेजारच्या मेदिना देल काम्पोत छापली गेली आणि 1992 साली बादाखोसकडच्या एका भिंतीत सापडली, ही कथा मी तुमच्या तोंडून इतकी वेळा ऐकलीय की आता मीच ती पाहुण्यांना सांगते. परवा आईला फोनवर सांगितली. तिने विचारलं, भिंतीत का ठेवलं होतं? मी म्हटलं, चर्चच्या बंदी घातलेल्या पुस्तकांमध्ये त्याचं नाव होतं. आईला तुम्ही आवडलात.

ऑक्टोबरमध्ये नवा गट सुरू होतोय. कवितेचे दोन तास मी दुसऱ्या आठवड्यात ठेवलेत, गुरुवारी. निवृत्त माणसाला बोलावू नये म्हणतात, पण लोर्काचा तास तुम्ही घ्या, अभंगाचा मी घेते. यमकावरून आपलं वर्गातच भांडण झालं तरी हरकत नाही, त्या निमित्ताने पोरांना 'आर्ग्युमेंट'चा आजचा अर्थही कळेल.

तुमची,
वायादोलिदची मराठी सहकारी