एक इंच तीन सूतवाल्या काकांना

काका नमस्कार,

फोनवर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता, म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहितोय, आता तरी ऐकून घ्या.

आमच्या भजनी मंडळाकडं एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या दोन जुन्या पेट्या आहेत, खाली १५ इंची स्पीकर आणि वर हॉर्न. त्यातल्या एका हॉर्नचं युनिट, म्हणजे हॉर्नच्या मागचा आवाज काढणारा भाग, जळलं. डायफ्राम (आतला थरथरणारा पडदा) बदलू म्हटलं तर त्या मॉडेलचा कुठंच मिळेना, मग नवीन युनिटच आणलं, तर त्याच्या तोंडाला बाहेरून आटे आणि आमच्या हॉर्नला मागं दोन बोल्टांची फ्लँज (बोल्ट लावायची चपटी कड), भोकांत ७६ मिमी अंतर. बसणार कसं? असले अडॅप्टर बाजारात तयार मिळतात हे मला तेव्हा माहीतच नव्हतं (हसू नका), मी तालुक्याला एका लेथवर ॲल्युमिनियमचा तुकडा करून घेतला. युनिट दोन आटे आत जायचं की जाम. सप्ताह चार दिवसांवर आलेला, मी पाना घेऊन जोर लावायच्या बेतात होतो तेवढ्यात कुणीतरी तुमच्या लेथवर कुपवाड एमआयडीसीत पाठवलं.

तुम्ही आधी माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि लांब ठेवला, ते अजून डोळ्यासमोर आहे. मग व्हर्नियर, मग पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायचं), आणि म्हणालात, "हे ३५ एमएम कापलंय दीडच्या पिचनं. युनिट आहे एक इंच तीन सूत, इंचाला १८ आटे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा एक इंच तीन सूत म्हणजे ३४.९२५ मिमी, मोजपट्टीवर ३५ च दिसणार की, त्या लेथवाल्याचाही काय दोष. पण १८ आट्यांचं पिच येतं १.४१, दीड नाही, म्हणून प्रत्येक आट्याला ०.०९ मिमीचा फरक साठत जातो आणि मग अडकतं. मी पिरगाळलं असतं तर नव्याकोऱ्या युनिटचेच आटे गेले असते.

नवीन तुकडा तुम्ही कापलात तेव्हा आत बोट फिरवायला लावलंत. युनिटचं तोंड २५ मिमीचं, हॉर्नचा गळा तेवढाच, आणि माझ्या पहिल्या तुकड्याचं भोक २२, म्हणजे मधेच ओठ राहिलेला. आवाज त्या कडेवर आपटतो आणि चिरका होतो म्हणालात. पॅकिंगसुद्धा भोकात जरा डोकावत होतं ते ब्लेडनं कापलंत. शिवाय नवीन युनिटचं मॅग्नेट जड, टेम्पोत हादरे बसून हॉर्नची प्लॅस्टिकची फ्लँज तडकेल म्हणून खालून पट्टीचा टेकू, हे तर माझ्या डोक्यातही आलं नसतं.

मी पेटी उचलून निघालो तर तुम्ही विचारलंत, "जुनं किती ओहमचं होतं?" जुनं १६, नवीन ८. मला वाटलं त्यात काय एवढं. तर क्रॉसओव्हरला (जाड आवाज स्पीकरला आणि बारीक हॉर्नला वाटून देणारं सर्किट) युनिटच्या तारेत एकच ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १६ ओहमला तो साधारण २१०० हर्ट्झपासून वरचा आवाज सोडत होता आणि ८ ओहमला तोच ४२०० वर गेला, आणि १५ इंची स्पीकर काय तिथवर नीट पोचत नाही, म्हणजे मधला आवाजच गायब. तुम्ही १० चा घातला. मग युनिटच्या दोन्ही तारा उलटसुलट जोडून दोनदा ऐकवलंत, एका वेळी आवाज पोकळ, एका वेळी भरलेला. मला फरक कळेपर्यंत तुम्ही गप्प उभे होतात.

काल्याच्या कीर्तनाला मागच्या बायकांनी सांगितलं की यंदा बुवांचा शब्द न शब्द कळला, गेल्या वर्षी फक्त पखवाज ऐकू आला होता. ती पावती तुमची.

पैसे घेतले नाहीत ते नाहीतच, वर चहा पाजलात. आमच्या आईनं तुमच्यासाठी शेंगांची चटणी करून ठेवलीय, रविवारी आणून देतो. आणि ते जळकं युनिट तुमच्याकडंच राहिलंय, ते परत नको, त्याचा मॅग्नेट काढा आणि लेथखालचा लोखंडी कीस गोळा करायला ठेवा.