चाचा, भिंत पूर्ण होत आली

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या आमच्या चाचांना,

सलाम, आणि मनापासून आभार.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र सगळ्यांसमोर मानणार आहे. भिंतीसमोर फोटो काढणाऱ्यांना रंगवणारी दिसते. ही भिंत अशी कुणामुळे झाली, हेही त्यांना कळायला हवं.

मिरजेची ओळख सांगणारं भित्तिचित्र हवं, एवढंच मला काम देणाऱ्यांनी सांगितलं होतं. पहिला आराखडा तयार होता. दर्गा, १८९४ सालचं मिशन हॉस्पिटल, जंक्शन, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी घेऊन गेलेली रेल्वे आणि कोपऱ्यात एक चकचकीत तंबोरा. सगळं खरं, सगळं अभिमानाचं, तरी मन भरत नव्हतं. हल्ली गावोगावच्या भिंतींवर अशी स्थळदर्शनं असतात आणि त्या गावात एक दिवसही न राहिलेला चित्रकार ती रंगवू शकतो. शिवाय माझं एक जुनं दुखणं होतं. वडील रेल्वेत, बदलीवर आलेले. जन्म, शाळा, मैत्रिणी सगळं मिरजेतलं, तरी "मूळच्या कुठल्या?" असं कुणी विचारलं की मी अडखळायचे.

तंबोरा नीट बघायला म्हणून तुमच्याकडे आले. तयार वाद्यं ओळीने भिंतीला टेकवलेली होती, पण तिकडे तुम्ही बघूच दिलं नाहीत. "पुसून ठेवलेला तंबोरा काय काढतीस पोरी? करताना काढ की." असं म्हणून कापलेला भोपळा माझ्या हातात दिलात. एवढा मोठा आणि इतका हलका! भिजवून मऊ करायचा, आतून खरवडून साफ करायचा, तोंडात काड्या अडकवून घेर धरायचा आणि वाळू द्यायचा. गळा, दांडी, तबली हे सगळं नंतर. हातातलं काम न थांबवता तुम्ही म्हणालात, "भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. लाकूड बाहेरचं, तारा बाहेरच्या. खाँसाहेब कैरान्याचे. पण तंबोरा कुठला? मिरजेचा."

चाचा, तुम्ही वाद्याबद्दल बोलत होतात आणि मला माझं उत्तर मिळत होतं. ते खाँसाहेब, म्हणजे गायक अब्दुल करीम खाँ, उत्तरेतून आले आणि इथले झाले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात वारले, तरी त्यांचं दफन मिरजेतच झालं. मिरजेत ही वाद्यं बनवायला सुरुवात करणाऱ्या फरीदसाहेबांचं घराणं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारं घडवून-घासून देणाऱ्यांचं. हत्यारांचं काम घटलं, तसे तेच हात वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हातांना. इथे ज्याच्यावर हात फिरला, ते इथलं. मग मीही इथलीच की! आता मला कुणी विचारलं तर मी सरळ "मिरजेची" म्हणते.

पहिला आराखडा बाजूला ठेवला. आता भिंतभर तुमच्या गल्लीचं काम आहे. डावीकडे वाळत ठेवलेले भोपळे, मधे दांडीवर फिरणारा रंधा आणि उजवीकडे सगळ्यात मोठी जागा जवारीला, म्हणजे तारेचा आवाज खुलवण्याच्या कामाला. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस अगदी हलकी फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा जरासं घासायचं, हे मी तुमच्या शेजारी बसून कितीतरी वेळ बघितलं. मग तुम्ही तारेखाली सुताचा धागा सरकवलात. तो एका जागी आला आणि तोवर दबलेली तार एकदम मोकळी झाली, सगळी खोली भरून गेली. तो आवाज भिंतीवर कसा आणणार? पण धागा सरकवताना तुमची मान किंचित डावीकडे कलते आणि श्वास थांबतो, ते काढता येतं. ते मी काढलंय. चेहरा काढलेला नाही. शब्द दिला होता.

चौकटी आखून चित्र भिंतीवर उतरवत होते तेव्हा तुम्ही नमाज झाली की यायचात. कानशीचा कोन, बोटांमधलं अंतर, कुठला हात स्थिर आणि कुठला हलता, हे परांचीखाली उभं राहून सांगायचात. शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या पोरांना भोपळ्यापासून तंबोऱ्यापर्यंतची सगळी हकिगत तुम्हीच सांगितलीत. त्यातली दोघं-तिघं आता येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः समजावून सांगतात! मोबदल्याचा विषय काढला, तर हातानेच उडवून लावलात. तुमच्या बुडालेल्या कामाच्या वेळेची किंमत मला ठाऊक आहे, चाचा.

आता जवारीच्या भागावर रंगाचा शेवटचा हात द्यायचा राहिलाय. त्यानंतर ऊन-पावसासाठी सगळ्या भिंतीवर क्लिअर कोट लागेल आणि मग काही बदलणं अवघड. त्याआधी एकदा या. घोडीवरचा धागा बरोबर जागी बसलाय ना, एवढं बघून सांगा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी कोट लावणार नाही.

तुमची,
रेल्वे क्वार्टरमधली पोर