विमानाला उशीर का झाला, ते प्रवाशाला लेखी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमान रद्द झाले किंवा रखडले तर प्रवाशाला काय मिळायला हवे, याचे नियम आपल्या देशात २०१० पासून आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) ते केले आणि पुढे त्यात सुधारणाही केल्या. तरी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांपैकी फार थोड्यांच्या पदरात काही पडते. अनेकांना नियमच ठाऊक नसतात, हे खरे. पण ज्यांना ठाऊक असतात, त्यांचेही घोडे एकाच ठिकाणी अडते. उशिराचे खरे कारण त्यांना कोणी सांगत नाही.

नियम काय म्हणतो ते आधी सांगते. विमान रद्द झाल्याचे २४ तास आधीपर्यंत कळवले नाही, तर तासाभराच्या प्रवासाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंतच्या प्रवासाला ७,५०० आणि त्याहून लांबच्या प्रवासाला १०,००० रुपये भरपाई आहे. पण हा आकडा आणि एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांत जे कमी असेल तेच हाती येते. नागपूरचे तिकीट महिनाभर आधी काढलेल्या माणसाचे मूळ भाडे समजा ३,००० रुपये असेल, तर त्याला ३,००० रुपयेच मिळतील. ऐनवेळी दुसऱ्या कंपनीचे तिकीट काढायचे तर खिसा किती रिकामा होतो, हे ज्याच्यावर वेळ आली आहे त्यालाच माहीत. नुसत्या उशिरासाठी तर रोख भरपाई नाहीच. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की चहा-नाश्ता, जेवण. सहा तासांहून अधिक झाला की दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतले विमान सहा तासांहून अधिक रखडले, किंवा कोणतेही विमान २४ तासांहून अधिक, तर हॉटेल. युरोपीय संघात अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरोंची भरपाई आहे आणि तिथल्या न्यायालयाने २००९ मध्ये ती तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचणाऱ्या प्रवाशांनाही लागू केली. आपणही तिथवर पोहोचायला हवे, असे मला मनापासून वाटते.

परंतु त्याही आधी एक गोष्ट व्हायला हवी. कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने, म्हणजे खराब हवामान, पूर, संप, हवाई वाहतूक नियंत्रण अशा कारणाने विमान रद्द झाले, तर भरपाई लागू होत नाही. हे न्याय्यच आहे. धुक्यात विमान उडवा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मात्र नियमाची पुढची अट अशी, की सर्व वाजवी उपाय करूनही ती अडचण टाळता आली नसती, तरच ही सूट आहे. सकाळी दिल्लीत धुके होते म्हणून संध्याकाळचे पुणे–नागपूर विमान रद्द झाले, तर मधल्या वेळात कंपनीने दुसरे विमान किंवा दुसरे कर्मचारी उपलब्ध करण्याचा काय प्रयत्न केला, हे विचारण्याचा प्रवाशाला अधिकार आहे. पण विचारायचे कोणाला?

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना घेऊन मी याच मार्गाने निघाले होते. काउंटरवर आधी हवामान सांगितले, मग मागचे विमान आले नाही म्हणाले, रात्री उड्डाण रद्द झाल्यावर कर्मचारी उपलब्ध नसल्याचे कळले. कारण लिहून मागितले, तर "मॅडम, मेल करा" एवढेच उत्तर मिळाले. मेलला दिलगिरी आणि तक्रार क्रमांक आला, कारण आले नाही. शेजारच्या बाकावरच्या एका तरुणाची दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला मुलाखत होती. तो शेवटी खासगी बसच्या शोधात निघून गेला. त्याच्या हातात तरी कोणता कागद होता?

पुण्यात ही अडचण अधिकच आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, वाहतूक नियंत्रणही त्यांचेच. देशाच्या संरक्षणाचे काम आधी, याबद्दल कोणाही पुणेकराची तक्रार नाही. पण म्हणूनच 'वरून परवानगी नाही' हे उत्तर इथे सहज खपून जाते आणि प्रवाशाला त्याची खातरजमा करता येत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सर्वात मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा पुण्यातल्या विमाने उभी करण्याच्या जागा वैमानिकांची वाट पाहणाऱ्या विमानांनी अडून बसल्या आणि इतर कंपन्यांच्या प्रवाशांनाही ताटकळावे लागले. वैमानिकांना आठवड्याला ४८ तास सलग विश्रांती देण्याचा नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाला होता. थकलेल्या वैमानिकाने विमान चालवू नये, हे आपल्या सर्वांच्याच भल्याचे. त्यासाठी माणसे नेमण्याची तयारी वेळेत झाली नाही, याला नैसर्गिक आपत्ती म्हणता येत नाही. त्या आठवड्यात केंद्राने तिकीटदरांवर अंतरानुसार ७,५०० ते १८,००० रुपयांची मर्यादा घातली. म्हणजे मनावर घेतले तर सरकार तातडीने हालू शकते.

माझी मागणी खर्चिक नाही. प्रत्येक उशिराचे कारण दोन अंकी सांकेतिक क्रमांकाने नोंदवण्याची पद्धत जगभरच्या विमान कंपन्यांत आहे: ४१ म्हणजे विमानातील बिघाड, ७१ म्हणजे सुटण्याच्या ठिकाणचे हवामान, ९३ म्हणजे आधीच्या फेरीचे विमान उशिरा येणे. डीजीसीए दर महिन्याला रद्द उड्डाणांची कारणनिहाय टक्केवारीही प्रसिद्ध करते. एकूण देशाचे कारण सांगता येते, तर माझ्या विमानाचे मला का सांगू नये? ज्या संदेशातून उशीर कळवला जातो, त्याच संदेशात हे कारण मराठीतून किंवा प्रवासी निवडेल त्या भाषेतून आले पाहिजे. नंतर ते बदलले, तर बदलही लेखी कळवावा. भरपाई नाकारली, तर हवामानाची किंवा नियंत्रण कक्षाची नोंद कंपनीने दाखवावी. पुरावा देण्याचे ओझे प्रवाशावर नको.

तोवर वाचकांनी तिकीट काढताना एजंटाचा नव्हे, स्वतःचा मोबाइल क्रमांक द्यावा. पुरेसा संपर्क दिला नसेल, तर कंपनीवर भरपाईचे बंधन राहत नाही. आलेले संदेश जपून ठेवावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे.

नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ हे पुण्याचेच खासदार. उशिराचे कारण लेखी देण्याची सक्ती डीजीसीएच्या नियमात घालावी, आणि त्याची सुरुवात लोहगावपासून व्हावी, अशी त्यांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती करते.

आपली नम्र,
एक वाचक, विश्रांतवाडी, पुणे