बाबांची दाढ, आईचा दात

ती. आई-बाबांना सा. न.

दोघांचे एक्स-रे मिळाले. फोनवर बाबा "एकदाच काय तो ब्रिज बसवून टाकू दोघांना" म्हणून मोकळे झाले आणि आई नेहमीसारखी गप्प बसली. म्हणून लिहिते आहे. ब्रिजला, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या खोट्या दाताला, माझा विरोध नाही. पण तुमच्या दोघांच्या तोंडांना एकच उत्तर लागू पडेल असं मला वाटत नाही.

बाबा, आधी तुमचं. "एक दाढ गेली तर काय बिघडलं?" हा तुमचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. सगळ्यात मागची दाढ गेली तर पुष्कळदा डॉक्टरही म्हणतात, राहू द्या. पण तुमची खालची दाढ मधली गेली आहे. तिच्या मागची दाढ हळूहळू त्या फटीत कलते आणि वरच्या दाढेला समोर टेकायला काही उरलं नाही की ती खाली सरकू लागते. मग पुढे ब्रिज करायचं म्हटलं तरी जागा नीट मिळत नाही. शिवाय आई सांगते की तुम्ही कित्येक महिने एकाच बाजूने चावता आहात.

ब्रिजमध्ये फटीच्या दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी तासतात, साधारण एक ते दोन मिलिमीटर. त्यांवर कॅप येतात आणि मधला खोटा दात त्या कॅपना जोडलेला असतो. तासलेलं दाताचं आवरण पुन्हा येत नाही, म्हणजे हा मार्ग एकदा धरला की मागे फिरता येत नाही. पण तुमच्या मागच्या दाढेचं रूट कॅनाल होऊन तिच्यावर कॅप आहेच, आणि पुढच्या दाढेत भलंमोठं सिमेंट भरलेलं आहे. त्या दोन दाढा काही कोऱ्या नाहीत. त्यामुळे तुमच्यासाठी ब्रिज मला पटतो. फक्त डॉक्टरांना एवढं विचारा: रूट कॅनाल केलेल्या दाढेत मूळचा भाग किती शिल्लक आहे आणि आजूबाजूचं हाड कसं आहे? आता ती दाढ स्वतःचा भार पेलून खोट्या दाताचाही पेलणार आहे.

आई, तुझं वेगळं आहे. तुझा गेलाय तो वरच्या पटाशीच्या शेजारचा छोटा दात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दात निरोगी आहेत. आजवर एकदाही सिमेंट न लागलेले! ते कॅपसाठी तासायचे म्हणजे जीवावर येतं. तुझ्या बाबतीत मेरीलँड ब्रिजबद्दल विचार. त्यात खोट्या दाताला मागून एक पातळ पंख असतो आणि तो शेजारच्या दाताच्या आतल्या बाजूला चिकटवतात. तासणं जवळजवळ नसतंच. पुढच्या दातांना दोन पंखांपेक्षा एकच पंख पुष्कळदा जास्त टिकतो. दोन दात चावताना वेगवेगळे हलतात, त्या ओढाताणीत एक बाजू सुटते. एका पंखाला ती भानगड नाही. तो कधी निघू शकतो, पण न मोडता निघाला तर बहुधा परत चिकटवता येतो. तू रात्री दात खातेस, हे मात्र आधीच सांग, त्यावर बराच निर्णय अवलंबून आहे.

आणि दाताचा रंग दिवसाउजेडी निवडायला सांग, तोही अगदी सुरुवातीला. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडे पडतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात.

इम्प्लांटचं, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर खोटा दात लावण्याचं, नाव काढलं की बाबा "हाडात स्क्रू नको" म्हणतात. ठीक आहे. पण त्यात शेजारच्या दातांना हात लागत नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायलाच हवं. काढती-घालती कवळीही आहेच, पण एका दातासाठी रोजची ती काढघाल तुम्ही दोघं करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

ब्रिज नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जातो, काहींचा त्याहून जास्त. पण बाबा, खोटा दात किडत नाही म्हणून बेफिकीर राहू नका. कीड लागते ती कॅपच्या कडेला, आतल्या खऱ्या दाताला. नुसता ब्रश खोट्या दाताच्या खाली पोचत नाही. कडक टोकाचा सुपरफ्लॉस (दात साफ करायचा दोरा) तिथून ओवून रोज फिरवायचा किंवा दातांच्या फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश घालायचा. बोटं थरथरतात म्हणून फ्लॉस जमत नसेल तर हा बारीक ब्रशच बरा.

फसवी गोष्ट म्हणजे एका बाजूचं ब्रिज चिकटवणारं सिमेंट सुटलं तरी दुसरी बाजू ब्रिज धरून ठेवते, आणि काही झालंय हे कळतच नाही. खाली लाळ शिरून दात आतून पोखरत राहतो. दाबल्यावर कडेला बुडबुडे येणं, तोंडाला घाण चव, थंड लागताच कळ, यातलं काहीही जाणवलं तर लगेच दाखवा, दुखायची वाट पाहू नका. ब्रिज निघालाच तर जपून ठेवून डॉक्टरांकडे न्या. घरातला गोंद लावायचा नाही. बाबा, हे खास तुम्हाला!

माप देऊन झालं की ब्रिज तयार होईपर्यंत तात्पुरता बसवतात. त्या काळात त्या बाजूने कडक काही चावू नका.

डॉक्टरांकडे जाण्याची वेळ ठरली की मला कळवा, मी फोनवर थांबेन. सगळं ऐकून घेऊन, मनात येईल ते विचारून, मगच हो म्हणा.

तुमची,
लेक

ता. क. दोघांच्या औषधांची यादी सोबत न्या. बाबांची रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि आई, हाडांसाठी जे औषध घेतेस ते यादीत लिहायला विसरू नकोस. दात काढायचा किंवा इम्प्लांट करायचा विषय निघाला तर त्यांना ते माहीत असायला हवं.