कार्ड दिलंत, आता त्याचा अर्थही सांगा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स. न. वि. वि.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक आहे. मागच्या महिन्यात एक बाई शाळेत आली. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डासोबत जपून ठेवलेलं मुलीचं सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीचं कार्ड तिनं पुढे केलं. "सर, पोरीले रोग आहे म्हणून पाहुणे वापस गेले."

कार्डावर 'एएस' होतं. म्हणजे मुलगी वाहक. बदललेलं जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलेलं. ती रुग्ण नाही, तिला औषधाची गरज नाही. हे कार्ड देताना कुणी समजावलं असेल, तर मराठीतून. बाई घरी गोंडी बोलते.

राष्ट्रीय सिकलसेल अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झालं. 2047 पर्यंत आजार संपवण्याचं उद्दिष्ट, त्यासाठी 7 कोटी लोकांची तपासणी. आमच्याकडेही शिबिरं झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण बोटातून रक्ताचा थेंब घेणं हे यातलं सोपं काम. दोघेही वाहक असले तर दर गरोदरपणात 'एसएस', म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या, बाळाची शक्यता चारात एक. हे लग्नाआधी नीट कळलं तरच उपयोग. अर्धवट कळलं की 'एए', म्हणजे वाहकही नसलेल्या, मुलाच्या घरूनही 'एएस' मुलगी नाकारली जाते, जिथे 'एसएस' बाळाची भीतीच नाही! (मुलाचं कार्ड मात्र कुणी मागत नाही.)

सातवीतला माझा एक विद्यार्थी 'एसएस' आहे. थंडीत हातपाय दुखून कळवळतो. हायड्रॉक्सियुरिया या औषधानं ते दुखणं कमी होतं. मात्र गोळ्या रोज हव्यात आणि अधूनमधून रक्ततपासणी. त्यासाठी त्याची आई मजुरी बुडवून तालुक्याला जाते, कधी रिकाम्या हातानं परतते. 2023 च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत या आजारावर जनुक संपादनाच्या उपचाराला मंजुरी मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. आम्ही ते मागत नाही. गोळ्या आणि रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. गोंडी-माडिया बोलणारा समुपदेशक द्या, आणि कार्ड त्याच्याच हातून द्या.

ती बाई सोमवारी मुलाकडच्यांना घेऊन येणार आहे. मी फळ्यावर चार चौकोन काढून समजावीन. माझी गोंडी कच्ची आहे, म्हणून दहावीतल्या एका मुलीला दुभाषी म्हणून बसवणार आहे.

आपला,
एक शिक्षक