शेंडीच्या जीपवाल्या दादांना, मनापासून

दादा, नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाहीये, पण भंडारदऱ्याला जाणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं असं वाटतं म्हणून इथे उघडपणेच लिहितेय.

आईला रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ ऐन पावसात बघायचं होतं, गाभाऱ्यात पाणी चढून पिंड बुडते ना, ते. बाबा असल्यापासूनचं तिच्या मनात होतं. इगतपुरीला ट्रेनमधून उतरलो, आधी बुक केलेल्या गाडीत बसलो, घोटी, बारी करत भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावात आलो आणि तिथे त्या माणसाने सामान काढून खाली ठेवलं. पुढे रस्ता खराब आहे, गाडी घालणार नाही. अहो पण रतनवाडी, घाटघर सगळं ठरलं होतं ना, पैसेही आधी घेतलेत! तर म्हणे ऑफिसला फोन करा, आणि ऑफिसवाले फोन उचलेनात. साठी उलटलेल्या बाईला भर पावसात चौकात उतरवून निघून गेला तो, माझा राग अजून उतरलेला नाही.

मग तुम्ही भेटलात. भाडं किती ठरलं, कसं ठरलं ते जाऊ दे. मुतखेल, कोलटेंभे करत तुम्ही आम्हाला देवळापाशी नेलंत, आईने गाभाऱ्यातल्या त्या काळ्याभोर पाण्याला हात जोडले, डोळे भरून आले तिचे. त्याबद्दल आभार आहेतच, पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं.

बाहेर टपरीवर चहा घेताना आई नको म्हणाली. सकाळपासून तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. आपल्याकडच्या कितीतरी बायका प्रवासात असंच करतात, कारण लागली तर जायचं कुठे? मला हे माहीत होतं, तुम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. साम्रद सोडल्यावर तुम्ही एका वाडीत जीप वळवलीत आणि एवढंच म्हणालात, "मावशी, इथं माझी बहीण राहते, जरा हातपाय धुवून घ्या."

बस्स, एवढंच. तो शब्दही काढला नाहीत. ताईंनी चुलीवरचं गरम पाणी बादलीत ओतलं, नवा साबण काढला, दारापासून मोरीपर्यंत चिखल होता तिथे गोणपाट टाकलं, आणि आईच्या डोक्यावर स्वतःचं इरलं धरून तिला तिकडे नेलं. तुम्ही मात्र पाठ करून पार रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली जाऊन उभे, भिजत. परत आल्यावर आईने स्वतःहून चहा मागितला, दोन कप प्यायली, वर ताईंकडून नागलीची भाकरी कशी थापायची तेही विचारून घेतलं. घाटघरच्या कोकणकड्यावर मग ती निवांत बसली, धुकं हटलं की खालचं कोकण दिसायचं, परत झाकायचं, तिला उठायचंच नव्हतं.

विल्सन डॅम, म्हणजे भंडारदऱ्याचं धरण, १९२६ साली पूर्ण झालं, म्हणजे शंभर वर्षं झाली की, लोक काजवे बघायला येतात, धबधबे बघायला येतात, आणि धरणाला फेरी मारणाऱ्या त्या अख्ख्या रस्त्यावर बाईमाणसासाठी धड एक स्वच्छतागृह आम्हाला दिसलं नाही. व्ह्यू पॉइंटच्या पाट्या मात्र जागोजागी. ज्यांनी करायला हवं त्यांना सुचत नाही, आणि तुमच्यासारख्या माणसाला न सांगता कळतं. माणुसकी अजून काय वेगळी असते हो दादा? पैसे देऊन मिळत नाही ही गोष्ट, आम्ही देऊन बघितले.

ताईंना आईचा नमस्कार सांगा, साडी कुरियरने पाठवलीय, शेंडीतून घेऊन जा. आणि एक, आईने तुमचा नंबर तिच्या भजनी मंडळात दिलाय, दिवाळीनंतर पाचसहा जणी येणार म्हणतायत. त्यांना ताईंकडे नक्की थांबवा, पण भाडं आणि ताईंच्या चहापाण्याचे पैसे पूर्ण घ्या, मावशी मावशी करून सोडून देऊ नका.